मदत हवी आहे: रॉस बार्न्सची सरासरी .४२९ लिहू की .४०४? आणि १८७३चं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी क्लब क्रिकेटची स्कोअरर आहे, बावीस वर्षं झाली. जुन्या खेळाडूंचे आकडे हाताने उतरवून काढायचा छंद आहे. सध्या १८७०च्या दशकाची वही चालू आहे: डाव्या पानावर इंग्लंडचे क्रिकेटपटू, उजव्या पानावर त्याच वर्षांतले अमेरिकेतले बेसबॉलपटू. डावी बाजू बरीच झाली. उजवीकडे एका माणसापाशी चार दिवस अडकले आहे, म्हणून हा धागा.

रॉस बार्न्स. जन्म १८५०, न्यूयॉर्क राज्यातलं माउंट मॉरिस. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या फॉरेस्ट सिटी संघात अल स्पाल्डिंगबरोबर वाढला (हाच पुढे खेळाच्या सामानासाठी जगभर नावाजलेला स्पाल्डिंग), १८७१मध्ये बोस्टन रेड स्टॉकिंग्जमध्ये गेला. मुख्यतः सेकंड बेसमन, शेवटी शेवटी शॉर्टस्टॉप (दोन्ही इनफिल्डमधल्या, म्हणजे बेसजवळच्या, क्षेत्ररक्षकाच्या जागा). त्या काळी हातमोजे जवळजवळ कुणीच वापरत नसे. इनफिल्डमध्ये उघड्या तळव्याने चेंडू अडवायचा आणि तसाच फेकायचा. बोस्टनने १८७२ ते १८७५ सलग चार वर्षं विजेतेपद मिळवलं. मग तो, स्पाल्डिंग आणि आणखी दोघे शिकागोला गेले आणि १८७६ला नव्या नॅशनल लीगचं पहिलं विजेतेपद शिकागोने घेतलं. लीगमधला पहिला होमरनही (एकाच फटक्यावर चारही बेस) त्याचाच, २ मे १८७६, सिनसिनाटीत.

आता अडचण. ही दोन वर्षं शेजारी शेजारी वाचा. (ॲट-बॅट म्हणजे हिशेबात धरलेली फलंदाजीची पाळी, हिट म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं; हिटला ॲट-बॅटने भागलं की सरासरी.)

१८७३, बोस्टन: ६० सामने, ३२० ॲट-बॅट, १३८ हिट, १२५ धावा, सरासरी .४३१.
१८७६, शिकागो: ६६ सामने, ३२२ ॲट-बॅट, १३८ हिट, १२६ धावा, सरासरी .४२९.

उतरवताना मला वाटलं, आपणच चुकून एक ओळ दोनदा लिहिली. पुन्हा पुन्हा तपासलं, तर दोन्ही बरोबर आहेत. पण यातलं दुसरं वर्ष 'मेजर लीग', म्हणजे सर्वोच्च दर्जाचं बेसबॉल, धरतात आणि पहिलं धरत नाहीत! कारण १८७१ ते १८७५ची नॅशनल असोसिएशन (बोस्टन तेव्हा खेळायचं ती स्पर्धा) मेजर लीगच्या अधिकृत हिशेबातच नाही. ती पाच वर्षं धरली तर कारकीर्द ४९९ सामने, २३९१ ॲट-बॅट, ८६० हिट, .३६०. वगळली तर २३४ सामने, १०३२ ॲट-बॅट, ३२९ हिट, .३१९. माणूस तोच आहे, पण दुसऱ्या ओळीत तो निम्माही उरत नाही.

त्यात १८७६ची सरासरी जुन्या नोंदींत .४०४ दिसते. हिट तेवढेच, १३८. मग फरक कुठून आला?

तिसरा प्रश्न १८७७चा. त्या वर्षी फक्त २२ सामने आणि .२७२. काही ठिकाणी वाचलं की नियम बदलला म्हणून तो संपला, काही ठिकाणी आजारपण. जाणकारांनी कृपया सांगावं, माझ्या पानावर कुठला आकडा मोठ्या अक्षरात लिहू?

प्रतिसाद १

ताई, .४०४चं कोडं सोपं आहे. मी शिकागोजवळ राहतो, मुलाच्या लिटल लीगमुळे (लहान मुलांचं बेसबॉल) स्कोअरशीट भरायला शिकलो. चेंडू बाहेर पडत गेले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, तो वॉक. आज वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. १८७६ साली धरायचे. बार्न्सला त्या वर्षी २० वॉक मिळाले होते, लीगमध्ये सर्वांत जास्त. ३२२ अधिक २० म्हणजे ३४२. १३८ला ३४२ने भागा, .४०४. तुमच्या भाषेत सांगायचं तर वाइड चेंडू फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत मोजण्यासारखं. तेव्हा वॉक मिळायलाही आजच्यासारखे चार नाही, नऊ चेंडू बाहेर पडावे लागत.

दोन्ही पद्धतींनी त्या वर्षी पहिला तोच.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात भर. .४२९ आणि '१८७३ वगळा' हे दोन्ही निर्णय एकाच समितीचे आहेत. १९६८मध्ये बेसबॉलच्या जुन्या नोंदी नीट लावण्यासाठी एक खास समिती बसली. तिने ठरवलं की वॉक कुठल्याही वर्षी ना ॲट-बॅट, ना हिट. त्यामुळे .४०४चे .४२९ झाले. त्याच समितीने नॅशनल असोसिएशनचं वेळापत्रक आणि कारभार विस्कळीत होता म्हणून तिला मेजर लीग मानलं नाही. म्हणजे एका हाताने सरासरीत .०२५ची भर घातली आणि दुसऱ्या हाताने ५३१ हिट काढून घेतले.

१८७७बद्दल. 'फेअर-फाउल' हा फटका समजून घ्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडूचा पहिला टप्पा रेषेच्या आत पडला की फेअर (म्हणजे फटका वैध, बाद ठरला तर फाउल), मग तो पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या आधीच बाहेर वळून कुठेही जावो. बार्न्स बॅट अशी खाली मारायचा की चेंडू आत आपटून बाहेर पळे आणि क्षेत्ररक्षकाला रेषेबाहेर धावावं लागे. १८७७पासून असा चेंडू फाउल ठरला. आणि त्याच मोसमात त्याला हिवतापासारखा दीर्घ ताप आला. दोन्ही एकदमच घडल्यामुळे २२ सामन्यांवरून निवाडा करता येत नाही. पुढची वर्षं बघा: १८७९ सिनसिनाटी .२६६, १८८१ बोस्टन .२७१. मध्ये १८७८ला तो कॅनडातल्या लंडन टेकम्सेझकडून खेळला. माझं मत, ताप खरा होता, पण फटकाही गेला होता. मात्र १८७६च्या १३८ हिटमध्ये २१ डबल (दोन बेसचे फटके), १४ ट्रिपल (तीन बेसचे) आणि एक होमरन आहे. नुसत्या युक्तीवर जगणारा खेळाडू चौदा ट्रिपल मारत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाइडचं उदाहरण एकदम पटलं.

१८७३ वगळायला मात्र माझा हात धजावत नाही. आपल्याकडे बॉम्बे पेंटँग्युलर ही क्रिकेट स्पर्धा १९४६नंतर बंद झाली, धर्मावर संघ पाडले म्हणून तिच्यावर टीकाही भरपूर झाली. तरी तिच्यात संघाच्या ३८७मधल्या विजय हजारेंच्या ३०९ धावा प्रथम श्रेणीतच आहेत, त्या कुणी पुसल्या नाहीत. डाव्या पानावर इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसचंही असंच आहे, शतकं कुठे १२६ तर कुठे १२४, कारण काही सामने प्रथम श्रेणीचे धरायचे की नाहीत यावर एकमत नाही. तिथे मी दोन्ही आकडे लिहिले आहेत, इथेही तसंच करते.

प्रतिसाद २

मग धावांचा रकाना विसरू नका. ॲट-बॅट कशाला म्हणायचं यावर धावा अवलंबून नसतात. असोसिएशनच्या २६५ सामन्यांत ४५९, लीगच्या २३४ सामन्यांत २३९, एकूण ६९८. सामन्यामागे जवळजवळ दीड धाव. १८७६ला तर सामन्यामागे दोनच्या आसपास. हॉल ऑफ फेमसाठी (कूपरस्टाउनमधलं बेसबॉलचं मानाचं दालन) दहा मोसम लागतात, असोसिएशन धरूनही त्याचे नऊच भरतात. त्यामुळे कूपरस्टाउनला त्याची पाटी नाही. निदान तुमच्या वहीत त्याचं पान पूर्ण असू दे.

धागाकर्ती

धावा आत्ताच भरल्या. नऊ ओळी झाल्या: १८७१चे .४०१पासून १८८१चे .२७१पर्यंत. १८७५ आणि १८७६च्या मध्ये पेन्सिलने एक बारीक रेघ मारली आहे, शाई वापरली नाही. १८७६समोर .४२९ लिहून खाली '२० वॉक धरून .४०४' अशी टीप दिली. पान पूर्ण झालं, धागा बंद केला तरी चालेल.