दत्तक दिलेली कुत्री परत आणून देतात, करारात काय लिहू? (तातडीने मदत हवी आहे)

शेडवाली
नमस्कार. वेळ नाही म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमच्या शेडमधून दत्तक दिलेल्यांपैकी नऊ कुत्री दिवाळीपासून परत आली. काल रात्री बुंदीला कोणीतरी फाटकाला बांधून गेलं. फोन नाही, काही नाही. गळ्यात आम्हीच दिलेला लाल पट्टा आणि बाजूला खाण्याची अर्धी पिशवी, तोंडाला रबर लावलेली. पिशवीला रबर लावायला वेळ होता, बेल वाजवायला नव्हता.
मला असा करार हवाय की एकदा नेलं की परत आणता येणार नाही. १०० च्या स्टँप पेपरवर केला तर चालेल का? कोणाकडे मसुदा असेल तर इथेच टाका. 'प्राणी पाळणं ही मोठी जबाबदारी आहे' छाप प्रवचन नको, ते मी रोज देते.

गवतीचहा
कुठल्या गावच्या? शेडमध्ये किती कुत्री आहेत? संस्था नोंदवलेली आहे की एकट्याच बघता? नऊ परत आली ती किती दिल्यापैकी? पिल्लं की मोठी? यातलं काहीच नाही आणि मसुदा हवाय.

नोटरीच्या_ओट्यावरून
१०० चा कागद विसरा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना किमान ५०० चा स्टँप लागतो. करा खुशाल, पण मोडला तर काय करणार? कुत्रं परत आणलं म्हणून दावा लावणार? तो निकाली निघेपर्यंत कुत्र्याची नातवंडं होतील. आणि परत आणून देणं हा गुन्हा नाही. वाऱ्यावर सोडून देणं हा आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, रुपयेच, हजार वगैरे नाही.

कडक_इस्त्री
तुम्ही शेल्टरवाले आमच्या गल्लीतली आठ कुत्री उचलून का नेत नाही? पहाटे फिरायला जाणं बंद झालंय. सुप्रीम कोर्टाने सगळी उचला म्हणून सांगितलं ना?

ओसरीवरचा_बंड्या
@कडक_इस्त्री, अर्धवट बातमी वाचली की असं होतं. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली परिसरापुरता होता आणि २२ तारखेला तो बदलला. नसबंदी, लस करून मूळ जागी सोडा, रेबीजची आणि आक्रमक तेवढी सोडू नका. ७ नोव्हेंबरचा आदेश शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन असल्या जागांचा. तुमची गल्ली यात कुठे बसते? पालिकेकडे नसबंदीसाठी अर्ज करा, शेडवालीताईंच्या मागे लागू नका.

कडक_इस्त्री
चावल्यावर कळेल.

शेडवाली
धागा तिकडे नेऊ नका प्लीज.
@गवतीचहा: सातारा. २०२१ ला धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवलाय, १२ए (ट्रस्टला करसवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही आहे. शेडमध्ये आज ३८. दिवाळीपासून २३ दिली, नऊ परत. बहुतेक दीड ते चार वर्षांची, सगळी गावठी, सगळ्यांची नसबंदी झालेली. पण याचा कराराशी काय संबंध?

रोकडा
करार वगैरे सोडा, डिपॉझिट घ्या. ५००० रुपये, सहा महिन्यांनी परत. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत नसते. आमच्या ओळखीतला एक जण असंच करतो, एकही परत आलेलं नाही.

चिमणीचा_घास
'वस्तू' म्हणालात तिथेच कळलं. पैसे लावले की साधी, चांगली माणसं मागे फिरतात. रिक्षावाले, वॉचमन, शेतकरी. माझ्याकडून गेलेलं सगळ्यात सुखी कुत्रं एका इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली झोपतं. त्याने कुठून आणले असते ५०००?

रोकडा
इस्त्रीवाल्याला सूट द्या की. कॉमन सेन्स.

ताळेबंद
डिपॉझिट घ्यायचंच असेल तर ते परत करायचं देणं म्हणून हिशोबात दाखवा, देणगीत टाकू नका. आणि 'कुत्रं न्या, एवढी देणगी द्या' असं करून ८०जी ची पावती फाडू नका, ती ऐच्छिक देणगी राहत नाही. दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही हेही सांगत जा. देणग्यांचं वार्षिक विवरण, फॉर्म १०बीडी, ३१ मेच्या आत भरता ना?

शेडवाली
भरते. करार?

दूरदेशी
न्यू जर्सीहून. वाचून फार वाईट वाटलं. इथे आमच्या टाउनच्या शेल्टरमध्ये आधी दोन आठवडे घरी नेऊन बघायला देतात. मी शंभर डॉलर पाठवू का? खाते क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ताळेबंद
@दूरदेशी, पासपोर्ट कोणता? भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवा, चालतं. अमेरिकन नागरिक झाला असाल तर तो परदेशी निधी. ताईंच्या ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर एक डॉलरही घेता येणार नाही. भावना चांगली आहे, पण ट्रस्ट गोत्यात येईल.

अण्णा_फलटणकर
गोचिडांवर कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ घाला आणि वरून हात फिरवून थोडं रॉकेल. आमच्या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच.

पशुवैद्य_होतकरू
अण्णा, गोचिडांचं कोणी विचारलंच नाहीये. पण विषय काढलात तर सांगतो, रॉकेल अजिबात नको. कातडी भाजते आणि कुत्रं चाटून पोटात घेतं. गोचीड-तापात प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येतं. खाणं सोडून ताप आला तर थेट रक्त तपासा, पाला उकळत बसू नका.

पाचवा_मजला
मी परत करणाऱ्यांपैकी आहे. शिव्या घाला, पण आधी ऐका. (तुमच्याकडून नव्हतं नेलं, दुसऱ्या संस्थेकडून.)
फोटोखाली लिहिलं होतं 'एकदम शांत, मुलांसोबत छान'. पहिले बारा दिवस खरंच शांत. डायनिंग टेबलाखालून बाहेर यायचाच नाही. आम्ही म्हणायचो किती गुणी. तेराव्या दिवशी बेल वाजली आणि जो भुंकायला लागला तो रात्रीपर्यंत. कुकरची पहिली शिट्टी झाली की सोफ्यामागे मुतायचा. फरशीवर पाय फाकायचे, म्हणून चटईवरून चटईवर उड्या मारत चालायचा. आणि लिफ्ट! लिफ्टचं दार उघडलं की चारही पाय रोवून उभा. अठरा किलोचं कुत्रं दिवसातून तीन वेळा पाच मजले उचलून नेलं, एकवीस दिवस. माझी पाठ गेली. बायको रडायची. संस्थेला फोन केला तर म्हणाले, 'आमच्याकडे असं कधीच करत नव्हता, तुम्हीच काहीतरी केलं असेल.' मग सोडून आलो. पट्टा अजून घरात आहे.

चिमणीचा_घास
एकवीस दिवसांत हार मानलीत?

पाचवा_मजला
हो.

गवतीचहा
@चिमणीचा_घास, जरा थांबा, या माणसाने कामाचं सांगितलंय. मी अकरा वर्षं पुण्यात फॉस्टर करते, म्हणजे दत्तक जाईपर्यंत कुत्री घरी सांभाळते. शेडमध्ये कोपऱ्यात बसून राहणारं कुत्रं शांत नसतं, गारठलेलं असतं. घाबरून बंद पडलेलं. आम्ही लोकांना ढोबळ हिशोब देतो: तीन दिवस भीती, तीन आठवड्यांनी खरा स्वभाव, तीन महिन्यांनी घर आपलं वाटतं. म्हणजे तक्रारीचे फोन कधी येणार? तिसऱ्या आठवड्यात.
शेडवाली, वही काढा. नऊच्या नऊ: कुठे दिलं, कितवा मजला, कितव्या दिवशी परत, कारण काय सांगितलं.

शेडवाली
आज ३८ जणांचं खाणं मीच रांधलंय आणि त्यात वही. घ्या.
एक: मालकाची बदली. एक: शेजाऱ्याच्या कोंबड्या मारल्या (वाठार, बैठं घर). उरलेली सात पुण्यात. सातही फ्लॅट. तिसरा, सहावा, अकरावा, चौथा, सातवा, आठवा. बुंदी नवव्या मजल्यावर होती. दिवस: १४, १६, १९, २०, २०, २३, २७.
इन्स्टावरून पुण्याचीच माणसं जास्त येतात, साताऱ्यात गावठी कुत्रं 'दत्तक' कोण घेणार? आम्ही गाडीने सोडून येतो, अर्धी तर खंबाटकी घाटातच ओकतात.
आमची शेड पत्र्याची, खाली मुरूम. फरशी नाही, जिना नाही, बेल नाही. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

गवतीचहा
आणि पोस्टमध्ये काय लिहिता?

शेडवाली
'शांत, प्रेमळ, मुलांसोबत छान.'

नोटरीच्या_ओट्यावरून
मग कराराचा मसुदा देतोच, पण उलटा. 'कुत्रा केव्हाही, कोणत्याही कारणाने परत घेतला जाईल. आणण्यापूर्वी दोन दिवस आधी फोन करावा. अन्य कोणासही परस्पर देऊ नये, रस्त्यावर सोडू नये.' परत घेणार नाही असं लिहिलंत तर पुढची बुंदी तुमच्या फाटकाला नाही, खंबाटकीत बांधलेली सापडेल.

रोकडा
आणि डिपॉझिट.

चिमणीचा_घास
नाही!

ओसरीवरचा_बंड्या
बऱ्याच सोसायट्या कुत्र्याला लिफ्टमध्ये येऊच देत नाहीत, तेही विचारून घ्या. प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तशी बंदी घालता येत नाही, पण नवीन कुत्रं आणि चेअरमन दोघांशी एकदम कोण भांडणार?

गवतीचहा
साताऱ्यात लिफ्टची बिल्डिंग असलेली एखादी मैत्रीण शोधा. पुण्याला पाठवायच्या आधी प्रत्येकाला तीन आठवडे तिच्याकडे. लिफ्टसाठी: पहिले दोन दिवस फक्त बाहेर बसून चिकन. मग वॉचमनला दार धरायला सांगून आत वाटी, बाहेर यायची मुभा. मग एकच मजला. ओढायचं नाही.

शेडवाली
३८ कुत्री आणि मैत्रीण एक. गणित बसत नाही, पण बघते.

शेडवाली (तेवीस दिवसांनी)
बुंदीला नणंदेकडे ठेवलंय, चौथा मजला. नणंद आधी नाहीच म्हणत होती. सहाव्या दिवशी बुंदी लिफ्टमध्ये वाटीपर्यंत गेली, दार लागायला लागल्यावर वाटी सांडून बाहेर. आता चौथ्यावरून खाली येते, वर जाताना अजून जिनाच. बेल वाजली की भुंकते, पाच-सहा मिनिटं. कुकरला घाबरत नाही, मिक्सरला घाबरते. यातलं एकही मला माहीत नव्हतं आणि मी तिला दोन वर्षं सांभाळलंय.
करार नोटरीसाहेबांनी सांगितला तसाच केला. डिपॉझिट घेतलेलं नाही. नवी पोस्ट अशी:
'बुंदी, तीन वर्षं, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. बेल वाजली की भुंकते. मिक्सर लावायच्या आधी तिला दुसऱ्या खोलीत न्यावं लागतं. लिफ्टने उतरते, चढत नाही. गॅलरीतल्या तुळशीची माती उकरते. रात्री पायाशी झोपते, पांघरूण ओढून घेते.'
'शांत' लिहिलं की चाळीस-पन्नास मेसेज यायचे. याला चार आले. पण चौघांनीही मिक्सरबद्दल विचारलं.

रोकडा
चार म्हणजे कमीच.

अण्णा_फलटणकर
गोचीड गेले का?

गवतीचहा
मांजरांचं काय? ते पोस्टमध्ये नाही.

शेडवाली
मांजर अजून दाखवलेलं नाही. उद्या नणंदेच्या खालच्या मजल्यावर विचारते.