स्टीम डेक २ ची वाट पाहायची की आहे तोच चालवायचा? नागपूरच्या उन्हासकट बोला

कूलरसमोरचा

"आत्ता घेऊ नको बे, डेक टू येऊन राहिला" हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा भाचा नववीत होता. आता तो बारावीच्या क्लासला जाते. डेक टूचा पत्ता नाही. शेवटी मार्चमध्ये मी पुण्याच्या एका पोराकडून जुना एलसीडीवाला डेक उचलला.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा पीसी. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओलेड स्क्रीन आणि मोठी बॅटरी घालून परत काढला, पण ताकद जवळपास तेवढीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने स्टीम मशीन (टीव्हीला जोडायचा गेमिंग पीसी) वगैरे जाहीर केलं तेव्हा डेक टूचं विचारणं झालंच. त्यांचा इंजिनिअर म्हणाला की तेवढ्याच बॅटरीत वीस, तीस, अगदी पन्नास टक्के जास्त ताकद मिळाली तरी तेवढ्यासाठी नवा डेक काढायचा नाही, आणि हवी तशी चिप सध्या दिसत नाही. लोकांनी शिव्या घातल्या. मला पटलं.

कारण मे महिना. कंपनी सांगते, डेक ० ते ३५ अंशात वापरा. पस्तीस! मेमध्ये आपल्याकडे पस्तीस सकाळी नळ येऊन जातो तेव्हाच होऊन राहते. २०२२ च्या जुलैत युरोपात लाट आली तेव्हा कंपनीनेच इशारा दिला होता: चिप १०० अंशापर्यंत तग धरते, त्यावर वेग कमी करते, १०५ ला मशीन बंद. नवतप्यात मी कूलरच्या तोंडाशी स्टूल टाकून खेळत होतो. पाठीवर वाळ्याचा गार वारा, आणि डेकच्या वरच्या झरोक्यातून तर्जनीला हेअर ड्रायरसारखी झळ. पंखा असा किंचाळला की आई आतून ओरडली, "भर दुपारी मिक्सर कायले लावला?"

आता याच डब्यात दुप्पट वॅटची चिप कोंबा म्हणणाऱ्यांनी एक मे इथे काढावा.

बर्डीवरचा

तुझ्या कूलरवरून जगाचं हार्डवेअर ठरत नसते भाऊ.

चिप बघ. प्रोसेसरला झेन २ चे चार कोर, ग्राफिक्सला आरडीएनए २ चे आठ युनिट. २०२२ मध्येच झेन २ एक पिढी जुनं होतं. स्क्रीन १२८० बाय ८००. नवीन मोठा गेम टाकला की सगळी सेटिंग लो, वरून एफएसआर (लहान चित्र ताणून मोठं करायची युक्ती), तरी सेकंदाला तीस फ्रेमसाठी हातापाया पडा. तिकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये आसुसचा असाच हातातला पीसी, आरओजी एक्सबॉक्स अॅली एक्स आला: झेड टू एक्स्ट्रीम चिप, २४ जीबी रॅम, ८० वॅटतासाची (म्हणजे ८० वॅट तासभर पुरवणारी) बॅटरी. पहिला आरओजी अॅली तर २०२३ मध्येच भारतात बिलासकट, वॉरंटीसकट आला. व्हॉल्व्ह मात्र "मोठी उडी" म्हणत बसलं आहे. उडी मारायला पाय तर उचलावा लागते.

निन्टेन्डोनेही असंच केलं. त्यांचा हातात धरून खेळायचा स्विच मार्च २०१७ चा, स्विच टू थेट जून २०२५ ला. मधली शेवटची दोन-तीन वर्षं त्या पोरांनी अडखळणारे गेम गोड मानून खेळले. तुम्हालेही तेच करायचं असेल तर करा.

कूलरसमोरचा

८० वॅटतासाचं कौतुक करण्याआधी भागाकार कर ना. डेकची चिप १५ वॅट खाते. स्क्रीन, वायफाय, पंखा धरून ढोबळ बावीस-तेवीस. ४० वॅटतासाची बॅटरी म्हणजे पावणेदोन तास. तुझा अॅली एक्स पूर्ण जोरात चालवला की सगळं मिळून चाळीसच्या आसपास जाईल. ८० भागिले ४०? दोन तास. बॅटरी डबल, वेळ तोच, आणि वजन ७१५ ग्रॅम. गरमी किती निघते ते बोलतच नाही मी.

बडनेऱ्यानंतर

मी महिन्यातून दोनदा नागपूर-मुंबई करते, विदर्भ एक्सप्रेसने. वर्ध्यापर्यंत डबे उघडलेले असतात, कोणी ना कोणी "बेटा, कुठे असते?" विचारत राहतात. बडनेरा गेलं की दिवे मालवतात, मग मी वरच्या बर्थवर डेक काढते. बर्थजवळचा सॉकेट चालू असेलच असं नाही. माझा ओलेड, ५० वॅटतासाचा. दोन मितींतले छोटे गेम, फ्रेम चाळीसवर बांधलेली, वॅटची मर्यादा खाली ओढलेली. भुसावळ मागे पडतं, माझे डोळे मिटतात, बॅटरी निम्मी उरलेली असते.

मला डेक टू नकोच आहे, असं म्हणायला आले होते. पण बर्डीवरच्या दादांचं एक खरं आहे. ऑफिसमधली मुलं ज्या गेमबद्दल जेवताना बोलतात, त्यातला एकही मी डेकवर धड खेळू शकत नाही. दरवेळी "माझ्यासाठी हे पुरे" म्हणायचाही कंटाळा येतो.

पीएसपीचा_जमाना

ताकद, ताकद काय लावलं आहे? व्हिटा आठवते का कोणाला? सोनीचा हातात धरून खेळायचा पीएसपी जगभर तुफान चालला, म्हणून त्यांनी २०११ च्या डिसेंबरात जपानात व्हिटा काढला. पाच इंची ओलेड, चार कोरचा प्रोसेसर, त्या काळी डोळे दिपायचे. आणि मेमरी कार्ड फक्त त्यांचंच, महागडं. तोवर हातात स्मार्टफोनही आले होते. २०१९ मध्ये उत्पादन बंद. वारसदार ताकदीने नाही मेला, कंजूषपणाने मेला. डेकमध्ये साधं मायक्रोएसडी चालते आणि एसएसडीही बदलता येते, ते टूमध्ये ठेवा म्हणा. बाकी चिप कोणतीही टाका.

झाशी_राणी_चौक

तुमचं दोघांचंही चुकून राहिलं. येवो न येवो, आपल्या इथे विकणार का हा प्रश्न आहे. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात, गेम रुपयात विकतात, आपले पैसे गोड लागतात, पण मशीन भारतात अधिकृत विकत नाहीत. मी एका दुकानातून घेतला, नाव घेत नाही. सात महिन्यांत डावी स्टिक आपोआप वर जाऊ लागली. कॅरेक्टर उभ्या उभ्या भिंतीकडे चालत जाते. दुकानदार म्हणे, "बाहेरचा माल आहे साहेब, याले वॉरंटी नसते." घेताना एक वर्षाची सांगितली होती, तोंडी. डेक टू असाच येणार असेल तर मला त्याची काय मोठी वाट!

बर्डीवरचा

हे मान्य. आणि रॅमचे भाव ज्या वेगाने चढून राहिले, ते पाहता आज डेक टू निघाला तरी किंमत ऐकूनच आपण कूलरसमोर जाऊन बसू, हेही मान्य. पण "चिप नाही" हे कारण मी मानत नाही. चिप बनवून घ्यावी लागते. पहिल्या डेकच्या वेळी एएमडीसोबत बसले होतेच ना? आताही बसा.

आणि कूलरसमोरचा, एसी घे.

कूलरसमोरचा

बिल तू भरतो काय?

बनवून घ्यायला हरकत नाही. फक्त १५ वॅटच्या आत बसवा, मग मीच पहिला लाइनीत. सध्या डिसेंबर आहे, रात्री रजई घेऊन खेळतो, पंखा ऐकूही येत नाही. आई म्हणते बिघडला का.

@झाशी_राणी_चौक, स्टिकसाठी डेक फेकू नको. मागून आठ स्क्रू काढले की झाकण निघते, स्टिक वेगळी मिळते आणि बदलता येते. मी पंखा साफ करायला एकदा उघडला होता. फक्त मायक्रोएसडी कार्ड आधी काढ, मी विसरलो आणि त्याचे दोन तुकडे झाले.

झाशी_राणी_चौक

रविवारी येऊ का घेऊन? स्टिक मागवलेली आहे, हिंमत होत नव्हती. अधिवेशनामुळे इकडून गाडी काढणं मुश्कील आहे, मेट्रोने येतो.

कूलरसमोरचा

ये. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तुझा आण, माझा भाच्याने नेला आहे.