आल्प्सच्या पोटात काही नाही म्हणे!

खडकफोड्या: टूरवरून आलेल्या एका काकांनी काल लिहिलं, "आल्प्सच्या पोटात काही नाही, म्हणून ते लोक देखावे विकतात." राहवेना. ऑस्ट्रियात हालष्टाटला सुमारे ७००० वर्षं मीठ काढतायत. खाणीत सापडलेला लाकडी जिना इ.स.पू. १३४४चा. साल्झबर्गचे आर्चबिशप मिठावर गब्बर झाले. टायरॉलमधल्या श्वात्सच्या चांदीवर फुगर सावकारांनी हाब्सबर्ग राजघराण्याला कर्जं दिली. एर्झबर्ग हा लोखंडाचा डोंगर आजही पायऱ्यापायऱ्यांनी खणतात. काही नाही म्हणे!

निवांतकाका: तो काका मीच. मी स्वित्झर्लंडबद्दल बोललो. तिथली एक मोठी धातूची खाण दाखवा.

खडकफोड्या: गोंझेन. लोखंड.

निवांतकाका: १९६६ला बंद पडली. पुढे?

भूस्तर: काकांचं निम्मं बरोबर. आफ्रिका-युरोपच्या भूखंडांच्या टकरीत खडकांचे थर इतके दुमडले, फाटले की खनिजं तुकड्यातुकड्यांत विखुरली; म्हणून स्वित्झर्लंडात खाणी पुष्कळ झाल्या, मोठी एकही नाही. बे गावचं मीठ मात्र अजून निघतं.

पोटोबा: हालष्टाटला आम्हाला टूरवाल्यानं पाऊण तास दिला. अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत. कसली खाण न् कसलं काय! तळ्याकाठी थेपले खाल्ले, बसमध्ये बसलो.

म्युनिककरीण: आणि लोकांच्या खिडक्यांत डोकावून फोटो काढलेत ना? गावात आठशेसुद्धा माणसं नाहीत, गर्दीच्या दिवशी दहा हजार पाहुणे. २०२३मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. आता टूरबसला आधी वेळ ठरवून किमान अडीच तास थांबावं लागतं, ते तुमच्यासारख्यांमुळेच.

पोटोबा: थेपल्यानं कुणाची खिडकी फुटली? पैसे मोजून गेलो होतो, ताई. आमच्याकडून कमवायचं आणि वर आम्हालाच नावं ठेवायची!

म्युनिककरीण: सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही हेच सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तुम्हीही रुसा.

माळरान: तिकडे गायी डोंगरावरून फुलं माळून, घंटा वाजवत उतरल्या की तुम्ही टाळ्या वाजवता. आमचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरताना घाटात हॉर्न मारणारे तुम्हीच.

पोटोबा: आता मेंढरं कुठून आली?

निवांतकाका: बरं, ऑस्ट्रियात खनिजं आहेत. मान्य. खडकफोड्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा. पण स्वित्झर्लंडवर ते अजून गप्पच आहेत. आणि थेप्ल्यांसाठी वेगळा धागा काढा हो कुणीतरी.