मदत हवी आहे: लाईट तासभर गेली तर सर्व्हर आपोआप चालू होतो, वीस-पंचवीस मिनिटांत आली तर होत नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो, राहायला पुण्यात आहे त्यामुळे सगळं फोनवर नाहीतर रिमोटने. साडेपाचला संकलन सुरू होतं. काटा आणि फॅट मशीन खालच्या पीसीला जोडलंय पण डेटाबेस माडीवरच्या सर्व्हरवर आहे, तो बंद असला की पावती निघत नाही. माडीची किल्ली सचिव काकांकडे, ते राहतात मळ्यात, ते येईपर्यंत किटल्या घेऊन रांग रस्त्यापर्यंत जाते आणि पोरं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) सगळं वहीत लिहून घेतात. मागच्या दहा दिवसांच्या बिलात एका मावशींच्या म्हशीच्या दुधाची फॅट ७.२ होती ती वहीतून भरताना ६.२ पडली. मावशींनी तोंडाने काही म्हटलं नाही पण बिल हातात धरून उभ्या राहिल्या. तेव्हापासून मला हे काहीही करून नीट करायचंय.

सेटअप असा: टॉवर सर्व्हर, उबुंटू २२.०४ (लिनक्स), पोस्टग्रेस (डेटाबेस). १ केव्हीएचा यूपीएस, यूएसबी केबलने सर्व्हरला जोडलेला, सर्व्हरवर नट (नेटवर्क यूपीएस टूल्स, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. बॅटरी लो झाली की सर्व्हर स्वतः नीट शटडाउन होतो, तो भाग व्यवस्थित चालतो.

प्रॉब्लेम परत चालू होण्याचा. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एसी पॉवर रिकव्हरी, म्हणजे करंट परत आल्यावर काय करायचं ते, आधी 'लास्ट' (आधीच्याच स्थितीत) वर होतं, मी 'ऑन' केलं. प्लग काढून परत लावला तर लगेच चालू होतो. पण रात्री लाईट गेली की कधी चालू होतो, कधी नाही. दोन महिन्यांचे लॉग काढून बघितले तर असं दिसतंय की लाईट तासाभराने वगैरे आली तर सर्व्हर चालू, आणि शटडाउन झाल्यावर पाच-दहा मिनिटांतच आली तर सकाळपर्यंत बंद. उलटं व्हायला हवं ना? बोर्ड खराब असेल का?

प्रतिसाद १

सीमॉस बॅटरी (बोर्डवरची, बायोसचं सेटिंग जपणारी) बघा आधी, सीआर२०३२ असते गोल, ३ व्होल्टची. ती संपली की पूर्ण पॉवर गेल्यावर बायोस डिफॉल्टला जातो आणि तुमचं 'ऑन' उडतं. तारीख पण मागे जाते.

प्रतिसाद २

बोर्ड ठीक आहे दादा आणि बॅटरीही, नाहीतर जास्त वेळ लाईट गेल्यावरच बंद राहिला असता, तुमच्याकडे तेव्हाच चालू होतोय. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा. एसी पॉवर रिकव्हरी कधी काम करते? सर्व्हरच्या पॉवर सप्लायला करंट येणं *थांबून* परत सुरू झाला तर. आता तुमच्याकडे काय होतं, बॅटरी लो झाली, उबुंटू शटडाउन झालं, पण यूपीएस अजून चालूच आहे! सर्व्हर बंद झाल्यावर त्याच्यावर लोडच उरत नाही, त्यामुळे उरलेल्या बॅटरीवर तो बराच वेळ तग धरतो. तेवढ्यात लाईट आली की सर्व्हरच्या दृष्टीने करंट कधी गेलाच नाही, कुणीतरी शटडाउन केलं एवढंच त्याला माहीत, मग तो का उठेल? तासभर गेली तर यूपीएस पूर्ण संपतो, करंट खरोखर तुटतो, आणि लाईट आल्यावर चालू होतो.

म्हणून शटडाउनच्या अगदी शेवटी नटने यूपीएसला सांगायला हवं की आउटपुट तोड आणि थोड्या वेळाने परत दे. यूपीएसमॉनच्या (नटचा शटडाउन करवणारा भाग) कॉन्फिग फाईलमध्ये पॉवरडाउनफ्लॅगची (शेवटी यूपीएस तोडायचाय ही खूण) ओळ आहे का? आणि ड्रायव्हर कुठला?

धागाकर्ता

ड्रायव्हर नटड्रीव्ह क्यूएक्स. आणि ती ओळच नाहीये!! नेटवरून मोठी फाईल घेतली होती, कमी करताना उडवली असणार. 'लास्ट' वर असताना तर अजून वाईट असेल ना?

प्रतिसाद २

हो, नीट शटडाउन झाल्यावर लास्ट स्टेट म्हणजे बंदच, मग करंट तुटून आला तरी तो बंदच राहणार. यूपीएस असेल तिथे 'ऑन' च हवं. ती ओळ टाका. या ड्रायव्हरला ऑफडिले (आउटपुट तोडायच्या आधीचा वेळ) डिफॉल्ट ३० सेकंद आणि ऑनडिले (परत द्यायच्या आधीचा) १८० असतो, तसाच राहू द्या, फक्त सर्व्हर ३० सेकंदांच्या आत पूर्ण बंद होतोय ना ते बघा नाहीतर पूर्ण बंद व्हायच्या आधीच करंट तुटेल. टेस्ट करायला लाईट जायची वाट बघू नका, यूपीएसमॉनला एफएसडी (फोर्स्ड शटडाउन) कमांड द्या, सगळं खऱ्यासारखं होतं. पण कुणीतरी यूपीएससमोर उभं पाहिजे, काही स्वस्त यूपीएस परत चालू व्हायला बटण मागतात.

प्रतिसाद ३

अजून एक, कीबोर्ड नसेल तर 'एफ१ दाबा' वर अडकत नाही ना ते बघून घ्या. आणि जोडीला बायोसमध्ये आरटीसी अलार्म (बोर्डवरच्या घड्याळाचा) रोज पावणेपाचला लावून ठेवा, सर्व्हर चालू असेल तर काही होत नाही, बंद असेल तर उठतो. ईआरपी (बंद असताना वीज वाचवणारं) सेटिंग चालू असेल तर ते बंद करा, त्याने अलार्म आणि वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून चालू करणं) दोन्ही झोपतात.

धागाकर्ता

रविवारी गावी गेलो. दुपारी बाराला, सकाळचं संकलन संपल्यावर, काका किल्ली घेऊन शेजारी उभे. डेटाबेसचा बॅकअप घेतला, कमांड दिली. सर्व्हर बंद झाला, पंखा थांबला, मग थोड्या वेळाने यूपीएसमधून टक् असा आवाज आला आणि त्याचे सगळे दिवे गेले. काका म्हणाले, "गेला की रं." मी घड्याळ धरून बसलो होतो. तीन मिनिटं होऊन गेली आणि परत टक्, पंखा सुरू, खालून पोराने हाक मारली की स्क्रीन आली. परत दोनदा केलं, एकदा मेन स्विच खरोखर पाडून बॅटरी लो होईपर्यंत थांबलो आणि शटडाउन होताना मुद्दाम लाईट दिली, तरी उठला. अलार्म पण पावणेपाचचा लावलाय.

काल रात्री २:१० ला लाईट गेली, २:३८ ला आली. लॉगमध्ये २:४३ ला बूट दिसतंय. पहिली पावती ५:३१ ची आहे.

प्रतिसाद २ वाल्या दादांचे मनापासून आभार. आता एकच राहिलं, यूपीएसची बॅटरी तीन वर्षं जुनी आहे आणि वीसच मिनिटं चालते. बदलली तर लो बॅटरीचा आकडा नटमध्ये परत सेट करावा लागतो का?