जेक्वेरी सगळ्यात वर आहे तरी "डॉलर इज नॉट डिफाइन्ड" का?

पुणेरी_बग: मंडळी डोकं फिरायची वेळ आलीय. पीएचपीतलं जुनं अ‍ॅप आहे, हेडरमधे आधी जेक्वेरी (जावास्क्रिप्टची लायब्ररी, कोडमधला डॉलर म्हणजे तीच), मग डेटाटेबल्स (टेबलांसाठीचा तिचा प्लगइन), मग आमची मेन फाइल. पेज स्लो आहे अशी ओरड झाली म्हणून मी तिन्ही स्क्रिप्ट टॅगना असिंक (पान न अडवता फाइल उतरवायची सूचना) लावून टाकलं, तेव्हापासून क्लायंटकडे पहिल्यांदा उघडलं की कन्सोल वरच्या एररने लालेलाल आणि रिफ्रेश मारला की चालतं. माझ्याकडे तर कधीच फुटत नाही. क्रम बरोबर आहे ना मग?

रात्रपाळी: भावा असिंक लावलंस तिथेच क्रम संपला. जी फाइल आधी उतरेल ती आधी चालणार, तुझी मेन फाइल चिमुकली असणार, ती जेक्वेरीच्या आधी पोचते. तुझ्याकडे सगळं कॅशमधे, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवलेलं आहे म्हणून दिसत नाही. नेटवर्क टॅबमधे डिसेबल कॅश टिक कर, स्पीड कमी कर, लगेच फुटेल बघ. असिंक काढून डिफर लाव, त्यातही डाउनलोड पार्सिंगला (ब्राउझरच्या पान वाचत जाण्याला) अडवत नाही पण चालतात लिहिलेल्या क्रमानेच. असिंक अ‍ॅनालिटिक्ससारख्या कुणावरच अवलंबून नसलेल्या फाइलला ठीक.

पुणेरी_बग: दिसलं! सगळीकडे डिफर केलं, टेबल आलं. पण रिपोर्टच्या पानावर पीएचपीतून छापलेली इनलाइन (पानातच लिहिलेली) स्क्रिप्ट आहे ती अजून डॉलरवरच मरते, तिलाही डिफर लावला तरी तेच.

जुना_खिळा: एसआरसी (बाहेरच्या फाइलचा पत्ता) नसलेल्या साध्या स्क्रिप्ट टॅगवर डिफर लागूच होत नाही हो, ब्राउझर ते वाचून सोडून देतो आणि ती स्क्रिप्ट जागच्या जागी चालवतो, तेव्हा जेक्वेरी अजून रांगेतच असते. तो कोड डीओएमकंटेंटलोडेड या पान वाचून झाल्यावर येणाऱ्या इव्हेंटच्या लिसनरमधे (इव्हेंट आला की चालणाऱ्या फंक्शनमधे) टाका, डिफरवाल्या फाइली चालून झाल्याशिवाय तो इव्हेंट येतच नाही. पण लिसनर साध्या जावास्क्रिप्टचा, डॉक्युमेंट डॉट अ‍ॅडइव्हेंटलिसनर, कारण डॉलर डॉट रेडी लिहायलाही डॉलर लागतोच की. आणि कृपा करून सेटटाइमआउट 500 (अर्धा सेकंद थांबून चालवणं) वगैरे नको, असलं ठिगळ मी एकदा तीन महिने निस्तरलंय.

पुणेरी_बग: डॉलर गेला, आता "डेटाटेबल इज नॉट अ फंक्शन" 😭

रात्रपाळी: पानात जेक्वेरी दोनदा आहे का बघ. दुसरी आली की डॉलर तिचा होतो, प्लगइन पहिलीलाच चिकटलेला राहतो.

पुणेरी_बग: सापडली. फूटरमधे कुणीतरी डेटपिकरसाठी (तारीख निवडायच्या कॅलेंडरसाठी) जेक्वेरी 1.12 घातलेली आणि मीच तिला मघाशी डिफर लावला होता. उडवली, डेटपिकर वरच्या जेक्वेरीवरही चालतोय.