दशांश नक्की कशावर काढायचा? (यंत्रमाग, बिडी, भिशी आणि धान्याचा साठा)

टॉवेलवाला_पूर्वभाग
सोलापुरात राहतो. घरात चार यंत्रमाग, सूत स्वतःचं, माल व्यापाऱ्याला. पत्नी बिड्या वळते, तिची मजुरी आठवड्याला. हैदराबादच्या नातेवाइकांमुळे आम्ही लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन म्हणतात, त्या चर्चमध्ये आलो. दहावा हिस्सा द्यायचा हे ठरलंय, पण कशाचा? बिलाचा की उरलेल्या पैशांचा? मागांवर कर्ज आहे, भिशीही चालू आहे. शिवाय तीन महिन्यांचं धान्य घरात असावं म्हणतात. ते उधारीवर भरलं तर चालतं का?

हिशोबनीस
बिलावर काढाल तर माग विकायची पाळी येईल, दादा. मूळ वचन ८ जुलै १८३८ चं, ‘सिद्धांत आणि करार’ या चर्चच्या धर्मग्रंथातलं, अध्याय ११९. त्यात वर्षाच्या वाढीचा दहावा भाग सांगितलाय. १९७० मध्ये चर्चच्या प्रथम अध्यक्षमंडळाने, म्हणजे सर्वोच्च नेत्यांनी, पत्र काढून ‘वाढ म्हणजे उत्पन्न’ एवढंच स्पष्ट केलं, पुढचं ज्याचं त्याने प्रार्थना करून ठरवायचं. धंदेवाल्यांची सर्वसाधारण रीत अशी: महिन्याचं बिल १,२०,०००. सूत ७८,०००, कामगारांची मजुरी १६,०००, वीज ७,०००, धोटा-पिकर-पट्ट्यांची दुरुस्ती २,०००, कर्जाचं व्याज ३,०००. उरले १४,०००. दशांश १,४००. बिलावर धरला असता तर १२,००० गेले असते आणि घराला २,००० राहिले असते.

लोक चुकतात ते हप्त्यात. अख्खा हप्ता खर्चात टाकतात. व्याज तेवढं खर्च. मुद्दल म्हणजे तुमचाच माग फेडला जातोय, ते १४,००० मधूनच जायचं. फार तर मागाचा घसारा धरा, पण घसारा आणि मुद्दल दोन्ही वजा करू नका.

कर्जाची रक्कम हातात आली ते उत्पन्न नव्हे. भिशी लागली तेही नव्हे, आपलेच पैसे परत आले. लिलावाची भिशी असेल तर शेवटी भरल्यापेक्षा जास्त मिळालं तेवढाच नफा. वहिनींच्या मजुरीचं म्हणाल तर छाट म्हणून टाकलेल्या बिड्यांचे पैसे मिळालेच नाहीत, ते मोजू नका. पीएफ कापण्याआधीच्या रकमेवर दशांश दिलात तर पुढे पीएफ हातात येईल तेव्हा मालकाचा हिस्सा आणि व्याज यांवरच द्यायचा. कापल्यानंतरच्या रकमेवर देत असाल तर तेव्हा सगळ्यावर. दोन्ही चालतं, मधेच पद्धत बदलली की घोळ होतो.

मालदांडी
साठ्याचं मी सांगते. उधारीवर अजिबात नको. चर्चचा सल्लाच असा की साठा करण्यासाठी कर्ज काढू नये, दर आठवड्याला थोडं जास्तीचं घ्यावं. तीन महिन्यांचा साठा म्हणजे रोज जे खाता तेच. लांबच्या मुदतीसाठी अमेरिकेतलं माप माणशी महिन्याला २५ पौंड धान्य, ५ पौंड कडधान्य, म्हणजे साधारण ११ किलो आणि सव्वादोन किलो. तीन मोठ्या माणसांना तीन महिन्यांसाठी क्विंटलभर धान्य आणि २० किलो डाळ-कडधान्य धरा.

त्यांच्याकडे गहू हवाबंद डब्यात ३० वर्षं राहतो म्हणतात. आपल्या पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तो हिशोब विसरा. रब्बीची ज्वारी सुगीतच घ्या, दाताखाली ‘कट्’ वाजेपर्यंत कडक ऊन द्या. मग रात्रभर सावलीत निवू द्या. गरम दाणा कोठीत भरला की आतून घाम सुटतो, पावसाळ्यात बुरशी आणि सोंडे दोन्ही मिळतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला, कोठी लाकडी पाटावर ठेवा, भिंतीला टेकवू नका. नवी ज्वारी जुन्यावर ओतू नका, आधी जुनी संपवा.

पीठ साठवायचं नाही. आठ दिवसांचंच दळा. विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की भाकरी थापतानाच फाटते. शेंगाचटणीही साठ्यात धरू नका, तेल सुटून खवट होते. शेंगा टरफलासकट ठेवा. पाणीही साठवा म्हणतात, पण ते सोलापूरकराला कोणी शिकवायला नको.

काटकसर_अक्कलकोटरोड
आधी कर्ज फेडावं, मग दशांश, असं माझं मत. देवाला घाई नसते, सावकाराला असते.

हिशोबनीस
तुमचं मत व्यवहारी आहे, पण या चर्चची शिकवण नेमकी उलटी. दशांश आधी, मग कर्ज आणि बचत, उरलेल्यात संसार. चर्चच्या मंदिरात (रविवारच्या सभेची जागा वेगळी) जायचं तर पूर्ण दशांश लागतोच. दुसरी बाजू अशी की घर अडलं तर बिशपकडून, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाकडून, किराणा, भाडं यांची मदत मिळते, ती उपवास अर्पणातून. महिन्याचा पहिला रविवार दोन जेवणं सोडायची आणि त्यांची किंमत द्यायची. आपली एकादशी दुप्पट खाशी इथे नाही, साबुदाणा सोडाच, पाणीही नाही. लहान मुलं, गरोदर बाया, साखरेचे रुग्ण यांना सक्ती नाही. पावतीवर दशांश आणि उपवास अर्पण यांचे रकाने वेगळे असतात, एकात दुसरं मिसळू नका.

टॉवेलवाला_पूर्वभाग
दिवाळीआधी माल उठतो, मग दोन महिने माग गप्प. त्या महिन्यांचं काय?

हिशोबनीस
उत्पन्न नाही तर दशांश शून्य. पण तोट्याचा महिना असेल तर तो पुढच्या नफ्यातून वजा होतो, म्हणून मागवाल्याने वर्षाचा हिशोब धरलेला बरा. वर्षअखेरीस बिशपसमोर बसून पूर्ण, अर्धवट की काहीच नाही, एवढं सांगायचं असतं. वह्या कोणी तपासत नाही. व्यापाऱ्याचं पेमेंट आलं त्याच दिवशी दहावा भाग वेगळ्या पाकिटात घाला, डिसेंबरात फरक भरा. त्या पाकिटातून सुताची ॲडव्हान्स दिलीत की डिसेंबरात तोंड लपवावं लागतं.

आणि आयकराच्या भरवशावर राहू नका. धार्मिक संस्थेला दिलेलं सगळंच ८०जीत (देणगीवरच्या करवजावटीत) बसत नाही, पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का बघा. असला तरी २,००० च्या वरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी नाहीच.