अर्ध्या रेसला बरं चालतं, फुल रेसला दम सोडतं: जुनं ४० एचपी आऊटबोर्ड

नाथसागर_काठ
राम राम मंडळी. पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडीच्या बॅकवॉटरला मासेमारी करतो. सोसायटीची १८ फुटी फायबरची बोट आहे. तिला मागं लावलेलं ४० एचपीचं, दोन सिलिंडरचं, हँडलवालं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. कोकणातून सेकंडहँड आणलेलं, म्हणजे आधी खाऱ्या पाण्यात राबलेलं.

दुखणं असं आहे. एका दोरीत सुरू होतं, आयडलला ठोका बरोबर, अर्ध्या रेसला काही म्हणता काही तक्रार नाही. फुल रेस दिली की बोट उचलते, मिनिट-दीड मिनिट पळते आणि मग आवाज हळूहळू बसत जातो. बंद पडत नाही, पण जोरच लागंना. रेस कमी केली की परत नीट चालतं. थोड्या वेळानं फुल दिली की पुन्हा तेच रडगाणं.

प्लग नवे टाकलेत. कार्बोरेटर गॅरेजवाल्यानं खोलून जेट फुंकून दिलाय. इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार चांगली आहे. पेट्रोलात ऑईल ५० ला १.

उन्हाळ्यात दुपार कलली की इथं वारं सुटतं आणि लाटा उठतात. तेव्हाच काठ गाठायला जोर पाहिजे, अन् तेव्हाच हे दगा देतं. बोटीत माझ्याबरोबर भावकीतली दोन पोरं असतात. जाणकारांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

जुनी_टूस्ट्रोक
ऑईल जास्त होतंय भाऊ. निम्मं करून बघा, मोकळं पळेल. आमच्या जुन्या मोटारसायकलला असंच करायचो.

विष्णुपुरी_वर्कशॉप
ऑईल निम्मं करू नका. कुणीही सांगितलं तरी नाही. या इंजिनाला वेगळं ऑईल नसतं, पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला जे काही मिळतं ते पेट्रोलातूनच. लिटरला २० मिली, त्याच्या खाली जायचं नाही.

मी नांदेडला पुरासाठी ठेवलेल्या बोटींची इंजिनं बरीच वर्षं सांभाळली. बाकीचं वर्ष शेडमध्ये उभी असायची. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं की एकदम फुल रेसची कामं, आणि तेव्हाच एखादं असं बसायचं. म्हणून तुमचं वाचून राहवलं नाही.

तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते मिनिट-दीड मिनिट. फुल रेसला असं ४० एचपीचं टू-स्ट्रोक ताशी १५ लिटरच्या वर पेट्रोल ओढतं. अर्ध्या रेसला त्याच्या निम्मंही लागत नाही. मागून पेट्रोल कमी येत असलं तरी कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्यावर ते थोडं पळतं. वाटी खाली गेली की आवाज बसतो. रेस कमी केली की वाटी परत भरते. प्लगला ठिणगी देणारं कॉइल किंवा सीडीआय गेलं असतं तर बहुतेक एकदम मिसिंग मारलं असतं, फटफट करत. आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या आतलं रबर घसरत असतं तर उलटं झालं असतं, म्हणजे इंजिन किंचाळलं असतं आणि बोट जागेवर राहिली असती. तरी खात्रीसाठी पंख्याच्या आतल्या बुशापासून बाहेरच्या हबपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर गेलं.

आता मुख्य परीक्षा. दोघं जण जा, एकट्यानं नको. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी हाताला बांधलेली पाहिजे. मोकळ्या पाण्यात फुल रेस द्या. आवाज बसायला लागला की दुसऱ्यानं पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायचं. दाबल्यावर इंजिननं उचल घेतली तर रोग पेट्रोलच्या वाटेवर आहे, इग्निशनला, म्हणजे ठिणगीच्या बाजूला, हात लावू नका. काहीच फरक पडला नाही तर पुढचं बघू.

दाबायच्या आधी फुगा नुसता हातात धरून बघा. चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. भरलेला, टणक असेल तर पलीकडे: फिल्टर, पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) किंवा कार्बोरेटर. या इंजिनाचा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो. डायफ्राम कडक झाला तरी कमी रेसला भागतं, फुल रेसला पुरत नाही.

हर्णैचा_दर्यावर्दी
वर्कशॉपवाल्या काकांचं बरोबर आहे. एवढंच सांगतो, खाऱ्या पाण्यातलं इंजिन आहे तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की थंड पाण्याला वाट देणारी झडप, काढून बघा. आत मीठ साचतं. धार पडते म्हणजे पंप पाणी उचलतोय एवढंच कळतं, हेड थंड राहतंय की नाही ते त्यावरून कळत नाही.

नाथसागर_काठ
काका, आज करून पाहिलं. पंख्यावरची रेघ जशीच्या तशी आहे. आवाज बसला तेव्हा फुगा पार चपटा झालेला, दोन्ही बाजू आत चिकटलेल्या. पोरानं दाबायला सुरुवात केली तशी बोट पुन्हा उठली. दाबणं थांबवलं की परत बसली. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू पूर्ण मोकळा केला, तरी तेच.

विष्णुपुरी_वर्कशॉप
मग टाकी ते फुगा एवढाच तुकडा राहिला. टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी काढा. टाकीच्या तोंडचा कनेक्टर पूर्ण बसतो का आणि त्याची गोळी मोकळी दबते का ते बघा. आणि नळी सोडू नका. बाहेरून चांगली दिसते म्हणून तशीच ठेवतात लोक. जुनी नळी आतून सुटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल पाणीही धरतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. त्यामुळं टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर सगळं ओतून टाका.

नाथसागर_काठ
सापडलं! जाळीवर थोडा चिकट गाळ होता, पण खरा रोग नळीतच. बाटलीत थर दिसला नाही. नळी उभी चिरली तर आतलं पातळ अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटून मधोमध गोळा झालेलं. तोंडानं फुंकलं तर हवा जात होती, ओढलं की पापुद्रा आडवा यायचा. गॅरेजवाल्यानं फुंकूनच पास केली होती.

इथेनॉलला चालणारी नवी नळी संभाजीनगरहून आणली, फुगाही नवा टाकला. फुल रेसला आता आवाज बसत नाही. पण एक प्लग तपकिरी आणि दुसरा पांढरट निघाला. ते काय?

विष्णुपुरी_वर्कशॉप
पांढरट म्हणजे तो सिलिंडर पेट्रोलाविना तापला. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी, म्हणून अशा उपाशी इंजिनाला फुल रेस देत राहणं धोक्याचं असतं. पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो. आता लांब जाऊ नका. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, दोन्ही प्लग काढलेले, त्यांच्या वायरी बॉडीला अर्थ केलेल्या, रेस पूर्ण उघडी, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. दर्यावर्दींनी सांगितलेला थर्मोस्टॅटही याच वेळी काढा.

नाथसागर_काठ
वरचा ११५, खालचा ११०. थर्मोस्टॅटवर पांढरा थर होता आणि तो अर्धवट उघडाच अडकलेला. नवा मागवलाय.

विष्णुपुरी_वर्कशॉप
पाचाचा फरक काही नाही, इंजिन वाचलं. थर्मोस्टॅट बसवा, पांढरट निघाला तो प्लग बदला, दहा मिनिटं फुल रेस देऊन तिथंच किल स्विचनं बंद करा आणि प्लग काढून रंग बघा. दोन्ही तपकिरी निघाले तर पोरांना घेऊन जा खुशाल. टाकी आणि फुग्याच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर मात्र वारं सुटायच्या दिवसांआधी बसवून घ्या.

नाथसागर_काठ
दोन्ही तपकिरी, काका. फिल्टरचं सोसायटीच्या बैठकीत घातलंय, बाकीच्या बोटींच्या नळ्याही चिरून बघणार आहोत.